टॉन्सिल काढायचे की थांबायचं?

आमची मुलगी सहा वर्षांची आहे. शाळा सुरू झाल्यापासून दीड-दोन महिन्यांनी तिचा घसा धरतोच. दिवाळीत हट्ट्याला गेलो तेव्हा आईने निकालच दिला, "काढून टाक ना तिचे टॉन्सिल, किती दिवस औषधं पाजणार?" शेजारच्या काकूंनी दोष पेरूला दिला.

गोंदियाच्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र आधी हिशेब मागितला. तो माझ्याकडे एक्सेलमध्ये तयार होता (धंद्याची सवय!). तारीख, ताप, खोकला, औषध. ऑपरेशनचा विचार कधी, तर वर्षात ७ वेळा, सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा घसा आला तर. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉ. जॅक पॅराडाइज यांच्या १९८४ सालच्या अभ्यासातला हा निकष आहे. त्यातही नुसतं "घसा दुखतो" मोजत नाहीत. सोबत १०१ च्या वर ताप, मानेत गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग किंवा स्ट्रेप्टोकोकसची तपासणी पॉझिटिव्ह हवी. आमच्या नऊ नोंदींपैकी मोजण्यासारख्या चारच निघाल्या. बाकी नाक गळणं, खोकला, म्हणजे व्हायरस; तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. शिवाय त्या अभ्यासात ऑपरेशन न झालेल्या बऱ्याच मुलांचा त्रासही पुढे कमी झाला होता. आई अजून नाराज आहे, पण ऑपरेशन टळलं.

खरी काळजी स्ट्रेप्टोकोकसची. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो जास्त. उपचार राहून गेले तर काही मुलांना रुमॅटिक फीवर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्या देशात हा आजार अजून संपलेला नाही. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी तो टाळता येतो, म्हणून एक-दोन दिवस थांबून डॉक्टरांना दाखवायला हरकत नसते. पण पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं, तर कोर्स साधारण १० दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल अंगणात पळू लागतं आणि बाटली फ्रिजमध्ये जाते. पुढच्या वेळी तीच बाटली बाहेर काढू नका. पाणी घालून तयार केलेलं सिरप थोड्याच दिवसांत निकामी होतं.

लाळ गिळता येत नसेल, तोंड उघडत नसेल, श्वासाला त्रास असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री गाडी काढा. आणि घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे आळीपाळीने सुजू लागले किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना आधीच्या घशाची तारीख आवर्जून सांगा.