इंजिन बदलायचे की महिनाभर थांबायचे?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहरात हॅरल्ड झर्चर हे शहर बस कंपनीच्या देखभाल विभागाचे प्रमुख होते. प्रत्येक बसबाबत त्यांच्यापुढे पुन्हा पुन्हा तोच प्रश्न येई: हे इंजिन आणखी महिनाभर चालवायचे, की उतरवून त्या जागी दुसरे चढवायचे? घाई केली तर चांगले इंजिन वाया जाणार आणि हजारो डॉलर खर्च होणार. चालढकल केली तर देखभालीचा खर्च वाढणार, बस भर रस्त्यात बंद पडणार आणि प्रवासी चिडणार.

जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने झर्चर यांच्या कंपनीतल्या १६२ बसच्या नोंदी अभ्यासायला घेतल्या. डिसेंबर १९७४ ते मे १९८५ या काळात कोणत्या बसच्या मीटरवर दरमहा किती मैल पडले आणि इंजिन केव्हा बदलले, एवढीच ती माहिती. त्यावर आधारलेला लेख १९८७ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आला आणि त्याच्या शीर्षकातच झर्चर यांचे नाव होते. आर्थिक प्रतिमाने (मॉडेल) कशी रचायची आणि ती आकडेवारीवर कशी बेतायची, हे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या उन्हाळी अभ्यासवर्गांत हा लेख आज मूळ पाठासारखा शिकवला जातो. इकॉनोमेट्रिक सोसायटीने २०१९ साली शिकागोत असा वर्ग भरवला होता. कोपनहेगन विद्यापीठातले उन्हाळी वर्गही याच विषयासाठी ओळखले जातात.

बसच्या इंजिनाचा अर्थशास्त्राशी संबंध काय? समजा, इंजिनाची किंमत उद्या दुप्पट झाली. मग कंपनी वर्षाला किती इंजिने घेईल? दहा वर्षांच्या नोंदी कितीही चाळल्या तरी उत्तर सापडणार नाही, कारण त्या काळात किंमत कधी दुप्पट झालीच नव्हती. धोरणकर्त्यांचे बहुतेक प्रश्न याच जातीचे असतात. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट पडते. त्यानंतर प्रवासी किती वाढले, हे तिकिटांच्या नोंदी सांगतील. सवलत निम्म्याऐवजी पाव असती तर किती वाढले असते, हे त्या नोंदींत लिहिलेले नाही.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ल्युकस यांनी १९७६ साली नेमक्या याच जागी बोट ठेवले. नियम बदलला की माणसे आपले वागणेही बदलतात; म्हणून जुन्या आकड्यांमधले परस्परसंबंध नव्या नियमाखाली टिकतीलच असे नाही, असा त्यांचा मुद्दा होता. टिकण्याची शक्यता असते ती माणूस निर्णय कशाच्या आधारे घेतो त्या मुळाची: त्याची आवडनिवड, त्याला सोसावे लागणारे खर्च, उद्याबद्दलचा त्याचा अंदाज. ते मूळ समीकरणात लिहिता येणे ही या अभ्यासवर्गाची पहिली पायरी.

दुसरी पायरी ते समीकरण सोडवण्याची. झर्चर फक्त या महिन्याचा हिशेब करत नव्हते. आज इंजिन बदलले नाही तर पुढच्या महिन्यात तोच प्रश्न अधिक मैल पडलेल्या इंजिनासह उभा राहणार, हे त्यांना माहीत होते. आजचा निर्णय उद्याच्या सगळ्या निर्णयांची किंमत मनात धरून घेतला जातो. गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९५०च्या दशकात हा गुंता उलगडण्याची रीत दिली. रस्ट यांनी ती वापरताना मैलांची पाच-पाच हजारांच्या टप्प्यांत विभागणी केली आणि प्रत्येक टप्प्यावर ‘थांबणे’ आणि ‘बदलणे’ यांची किंमत संगणकाकडून काढून घेतली.

तिसरी पायरी म्हणजे प्राचलांचा, म्हणजे समीकरणातल्या अज्ञात आकड्यांचा, अंदाज. देखभालीचा खर्च मैलांबरोबर किती वेगाने वाढतो? इंजिन बदलण्याचा खरा भार किती? संगणक या आकड्यांच्या वेगवेगळ्या जोड्या घेतो, प्रत्येक जोडीसाठी सगळे गणित नव्याने सोडवतो आणि कोणती जोडी धरली तर झर्चर यांचे प्रत्यक्ष निर्णय सर्वाधिक संभाव्य ठरतात ते शोधतो.

वर्गात सकाळी फळ्यावर सिद्धान्त मांडला जातो आणि दुपारी लॅपटॉपवर पायथन, मॅटलॅब किंवा जुलिया या भाषांत त्याचा प्रोग्रॅम लिहिला जातो. त्यातला एक सराव फार मोलाचा आहे. विद्यार्थी आधी स्वतःच प्राचले ठरवतो, त्यांवरून संगणकात खोट्या बस चालवतो आणि त्यांच्या नोंदी तयार करतो. मग त्या नोंदींवरून मूळ प्राचले परत मिळतात का, हे पाहतो. उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असताना पद्धत जर ते शोधू शकत नसेल, तर खऱ्या आकडेवारीवर तिच्याकडून आशा धरण्यात अर्थ नाही.

अडचणीही लवकरच समोर येतात. मैलांसारख्या सहा गोष्टी एकाच वेळी विचारात घेतल्या आणि प्रत्येकीच्या दहा पातळ्या धरल्या, तर दहा लाख परिस्थिती तयार होतात. बेलमन यांनी या वाढीला शापच म्हटले होते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. माणूस भविष्याला किती महत्त्व देतो हे आकडेवारीतून काढणे अतिशय कठीण असते. रस्ट यांनीही तो आकडा बाहेरूनच ठरवून घेतला होता. म्हणजे गृहीतके आलीच. ती लपवायची नसतात, कागदावर मांडायची असतात, हा या विषयाचा प्रामाणिकपणा आहे.

मग अशा प्रतिमानावर विश्वास ठेवायचा कशाच्या बळावर? सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘बार्ट’ ही रेल्वेसेवा १९७२ साली सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू होण्याआधीच नोकरीवर जाणाऱ्या ७७१ प्रवाशांची पाहणी केली होती. गाडी रुळावर नव्हती, त्यामुळे तिच्या प्रवाशांची आकडेवारी असण्याचा प्रश्नच नव्हता. लोक वेळ आणि भाडे यांचे गणित कसे घालतात, एवढ्यावरून त्यांनी नोकरीवर जाण्याच्या प्रवासात या सेवेचा वाटा ६.३ टक्के राहील असा अंदाज बांधला. अधिकृत अंदाज १५ टक्के होता. प्रत्यक्षात वाटा निघाला ६.२ टक्के. स्टेशनपर्यंत पायी जायला तयार असलेल्यांचा आपला अंदाज मात्र बराच जास्त ठरला, हेही मॅकफॅडन यांनी पुढे नोंदवले. २००० सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी होते.

दुसरे उदाहरण राजस्थानातले आहे. उदयपूर परिसरातल्या आदिवासी गावांत ‘सेवा मंदिर’ ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवत होती आणि शिक्षकांची गैरहजेरी ही तिथली मोठी डोकेदुखी होती. २००३ साली निम्म्याच्या आसपास शाळांना कॅमेरे दिले गेले. तारीख आणि वेळ उमटवणारे हे कॅमेरे असे होते की त्यांत फेरफार करता येत नसे. शाळा उघडताना आणि सुटताना विद्यार्थ्याने शिक्षकाचा इतर मुलांसह फोटो काढायचा, असा नियम होता. महिन्यात २० दिवस भरले तर १,००० रुपये. वरच्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये जादा, कमी पडलेल्या प्रत्येक दिवसाला ५० रुपये कपात, पण हातात किमान ५०० रुपये पडणारच. कॅमेरे नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के राहिली, कॅमेरे असलेल्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली.

फरक पैशामुळे पडला की कॅमेऱ्याच्या धाकाने? एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन या अर्थशास्त्रज्ञांनी इथे प्रतिमान वापरले. महिन्यात दहा दिवससुद्धा भरणार नाहीत अशी ज्या शिक्षकाची गत झाली, त्याला आणखी एक दिवस येऊन एक रुपयाही जास्त मिळणार नव्हता. वीसच्या जवळ पोहोचलेल्याला मात्र रोजचे ५० रुपये खुणावत होते. कॅमेरा दोघांच्याही शाळेत होता, म्हणून या दोघांच्या वागण्यातून पैशाचा परिणाम वेगळा काढता आला. प्रतिमानाची प्राचले फक्त कॅमेरे असलेल्या शाळांवरून काढली आणि मग कॅमेरे नसलेल्या शाळांतली हजेरी किती असेल, हे त्यालाच विचारले. संस्थेने पुढे मोबदल्याचा नियम बदलला तेव्हाही प्रतिमानाचा अंदाज ताडून पाहिला. उत्तरे प्रत्यक्षाच्या जवळ आली आणि कमी खर्चात तीच हजेरी मिळवून देणारा मोबदला कोणता, हेही मग मोजता आले. हा अभ्यास २०१२ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला.

हे शिकण्याची पूर्वतयारी महाराष्ट्रात उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि १९३० पासूनची पुण्याची गोखले संस्था इथे अर्थमिती शिकवली जाते. थॉमस सार्जंट आणि जॉन स्टाचुर्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी ‘क्वांटइकॉन’ या नावाने तयार केलेले पाठ, प्रोग्रॅमसह, इंटरनेटवर मोफत आहेत. रैखिक बीजगणित, संभाव्यता आणि थोडे प्रोग्रॅमिंग येत असेल, तर एम.ए.चा विद्यार्थी ते स्वतः सोडवू शकतो. उणीव आहे ती शेजारी बसून चूक दाखवणाऱ्या शिक्षकाची आणि आपल्या भागातल्या आकडेवारीची. राज्यातल्या विद्यापीठांनी मे महिन्याच्या सुटीत दोन आठवड्यांचा असा वर्ग भरवावा, तिकिटे, बाजार समित्यांची आवक आणि वीज बिले यांच्या नोंदी व्यक्तींची नावे वगळून त्यासाठी खुल्या कराव्यात, आणि दरवर्षी एका सरकारी योजनेचा नियम विद्यार्थ्यांपुढे प्रश्न म्हणून ठेवावा.