गाडीचा स्वभाव कुठे राहतो?

संभाजीनगरच्या छावणीतल्या नगर नाक्यावर रस्ता फुटतो. एक फाटा गोलवाडीवरून वाळूज एमआयडीसीकडे जातो, दुसरा पडेगाव, दौलताबाद करत वेरूळकडे. पाळी बदलायच्या वेळेला पहिल्या रस्त्यावर स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन यांची रांग लागते. हँडलला डबा, मागे सोबतचा कामगार, आणि गाडीकडून अपेक्षा एवढीच की तिने वेळेवर पोहोचवावे आणि ॲव्हरेज चांगले द्यावे. दुसऱ्या रस्त्याने सुटीच्या दिवशी घाटाकडे निघणाऱ्यांत बुलेट आणि तिच्या जातीच्या गाड्या अधिक. कामाची गाडी वेगळी आणि शौकाची गाडी वेगळी, ही विभागणी आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शौकाच्या गाडीला ‘स्वभाव’ असतो असे म्हणतात, आणि विज्ञानाची आवड असलेल्या माणसाला तिथे शंका येते. लोखंडाला कसला आलाय स्वभाव? तो बसणाऱ्याच्या डोक्यात असणार. माझे मत वेगळे आहे. हा स्वभाव बराचसा यंत्रातच असतो, तो आकड्यांत पकडता येतो. मात्र त्याचे जे कारण सर्रास सांगितले जाते ते अपुरे आहे.

ते कारण म्हणजे ‘लाँग स्ट्रोक’. बुलेटचा पिस्टन लांब पल्ल्याचा, म्हणून तिचा ठोका दमदार, असे कोणत्याही कट्ट्यावर ऐकायला मिळते. जुन्या ३४६ सीसी बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, म्हणजे धाव व्यासाच्या सुमारे १.२९ पट. आता बजाजच्या १०२ सीसी प्लॅटिनाकडे पाहा. व्यास ४७, धाव ५८.८ मिलिमीटर, गुणोत्तर १.२५. म्हणजे डब्याची गाडी आणि शौकाची गाडी या मापात जवळपास सख्ख्या बहिणी निघाल्या. स्प्लेंडरचे ५० आणि ४९.५ हे चौकोनी माप घेतले तर फरक दिसतो, पण प्लॅटिनापाशी ही उपपत्ती अडते. तेव्हा उत्तर दुसरीकडे शोधायला हवे, आणि ते इंजिनाच्या एका सेकंदात काय घडते त्यात सापडते.

जुनी बुलेट उभी आहे आणि मेकॅनिकने तिचा ‘स्लो’ मिनिटाला ९६० फेऱ्यांवर लावला आहे असे धरू. क्रँक सेकंदाला १६ वेळा फिरतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांतून एकदाच पेट्रोल पेटते, म्हणजे सेकंदाला आठ स्फोट. दोन स्फोटांमध्ये १२५ मिलिसेकंद जातात. त्यातले साधारण ३१ मिलिसेकंदच पिस्टन क्रँकला ढकलत असतो. उरलेल्या वेळात धूर बाहेर टाकणे, नवा हवा-पेट्रोलचा घोट आत घेणे आणि तो दाबणे ही सगळी कामे क्रँकच्या साठवलेल्या गतीतून फेडली जातात. क्रँकवरचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हलके असलेले इंजिन इतक्या सावकाश चालवू पाहिले तर दाबण्याच्या स्ट्रोकलाच त्याचा दम संपेल आणि ते बंद पडेल. बुलेटला हे जमते ते तिच्या जड फ्लायव्हीलमुळे. लहान कम्यूटर गाडीचा स्लो चौदाशेच्या आसपास ठेवावा लागतो, आणि रस्त्यावर तिचे इंजिन पाच-सहा हजारांवर पळत असते. हे जड चाक घाटात गाडी ‘ओढते’ ही समजूत तेवढी खरी नाही. सलग चढावर साठवलेली ऊर्जा क्षणात संपते, पुढचे काम टॉर्कच करतो. चाकाचे खरे देणे हे, की त्याच्या जिवावर इंजिन संथ राहू शकते.

आणि संथपणाचा संबंध आपल्या कानाशी व कातडीशी आहे. सेकंदाला साधारण विसापर्यंतचे ठोके कानाला सुटे सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून एक सूर होतो. बुलेटचे आठ ठोके सुटे आहेत. तीन हजार फेऱ्यांवर ते २५ होतात, म्हणजे सीमारेषेवर. तिथेही खडबड जाणवते. साडेपाच हजार फेऱ्यांवरची प्लॅटिना सेकंदाला ४६ वेळा पेटते, आणि कानाला फक्त गुणगुण पोहोचते. हातांचेही तसेच. तळव्याच्या त्वचेतले माइसनर नावाचे संवेदक सेकंदाला अंदाजे ५ ते ५० कंपनांना प्रतिसाद देतात आणि त्यातून हालचालीचा बारकावा कळतो. अधिक खोलवर असलेले पॅसिनियन संवेदक दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपास सर्वांत जागे असतात. साडेपाच हजार फेऱ्यांवर एका सिलिंडरच्या इंजिनाचा मूळ हिसका सेकंदाला ९२ वेळा बसतो आणि त्याचा दुसरा सूर १८३ वर जातो. ही कंपने हाताला ‘काही तरी थरथरतेय’ एवढेच सांगतात, आणि तासाभराने मुंग्या आणतात. शिवाय हिसक्याचे बळ वेगाच्या वर्गाने वाढते. दोन हजारांवरून सहा हजारांवर गेले की तिप्पट नव्हे, नऊपट. म्हणूनच कम्यूटर बनवणारे अभियंते रबराच्या बुशी, हँडलची वजने आणि फूटरेस्टचे रबर यांवर इतकी मेहनत घेतात. त्यांच्या गाडीतले कंपन खरोखरच निरुपयोगी असते, आणि ते दडपणे हेच योग्य.

इथे माझा मुद्दा उभा राहतो. गाडीचा स्वभाव म्हणजे ती करत असलेल्या कामाची बातमी, शरीराला वाचता येईल अशा रूपात चालवणाऱ्यापर्यंत पोहोचणे. भार वाढला की ठोका जड होतो, गिअर चुकला की तो अडखळतो, रेस सोडली की पोकळ होतो. मीटरकडे न पाहता माणूस इंजिनाची स्थिती ओळखतो आणि पुढची कृती ठरवतो. नुसता संथपणा हा या व्याख्येचा एक मार्ग झाला, एकमेव नव्हे. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली यामाहा आरएक्स १०० घ्या. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, प्रत्येक फेरीला स्फोट, ठोके मोजण्याचा प्रश्नच नाही. पण तिच्या सायलेन्सरच्या फुगीर नळीत धुराच्या दाबाची लाट पुढे जाऊन परतते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. ही परतण्याची वेळ इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांनाच बरोबर जुळते. त्या पट्ट्यात शिरले की पिकअप एकदम बदलतो, आवाज ताणला जातो. सीमा कुठे आहे हे चालवणाऱ्याला कळते, आणि तिच्या अलीकडे राहायचे की पलीकडे जायचे हे त्याच्या मनगटावर असते. ज्यांनी ती चालवली ते तिच्याविषयी आजही हळवे होतात, यात मला काही गूढ वाटत नाही.

पहिला आक्षेप जाहिरातीचा आणि स्मरणरंजनाचा. बुलेटमागे फौजेची पुण्याई आहे, छावणीसारख्या वस्तीत ती अधिकच. १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागलेली ही गाडी पोलीस आणि लष्कराच्या ताफ्यांतून लोकांच्या मनात बसली. आदर गणवेशाचा, आणि नाव ठोक्याचे, असे कोणी म्हणेल. प्रतिमेचा वाटा आहेच. पण एक दाखला पाहा. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाचा आवाजच ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला अर्ज केला होता. इतर उत्पादकांनी हरकत घेतली ती अशी, की ४५ अंशांत बसवलेले दोन सिलिंडर आणि एकच क्रँकपिन असलेले कोणतेही इंजिन असेच बोलणार, कारण त्याचे स्फोट एकदा ३१५ आणि एकदा ४०५ अंशांनी पडतात. सन २००० मध्ये कंपनीने अर्ज मागे घेतला. तो ठेका बिल्ल्याच्या मालकीचा नव्हता, भूमितीच्या मालकीचा होता.

त्याहून नेमका पुरावा रॉयल एनफिल्डच्याच नव्या इंजिनात आहे. २०२० साली मिटिऑरबरोबर आलेल्या ३४९ सीसी इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे: क्रँकच्या उलट दिशेने, त्याच वेगाने फिरणारे असमतोल वजन. पिस्टनच्या येण्याजाण्याचा मूळ हिसका ते बऱ्याच अंशी मारते. पण स्फोटातून येणारा धक्का, चाकापर्यंत जाणारी टॉर्कची उसळी, त्याला ते हात लावू शकत नाही. अभियंत्यांनी धाव ८५.८ मिलिमीटर म्हणजे लांबच ठेवली, सर्वाधिक टॉर्क चार हजार फेऱ्यांवरच मिळेल असा बसवला, आणि हाताला झिणझिण्या आणणारे तेवढे काढून टाकले. जुन्या बुलेटचे चाहते कुरकुरतात की मजा गेली. त्यांच्या तक्रारीत तथ्य कमी आहे असे मला वाटते. गेला तो गोंगाट; बातमी राहिली. स्वभाव आणि थरथर एकच असते तर हे वेगळे करताच आले नसते.

याच कसोटीवर सायलेन्सर बदलून शहरभर फटाके फोडत जाणाऱ्यांचा निकाल लागतो. आतली जाळी काढलेला सायलेन्सर आवाज वाढवतो, इंजिनाविषयी नवे काही सांगत नाही. आणि तो फटाका म्हणजे न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत उशिरा पेटणे, दुसरे काही नाही. पाणचक्की किंवा मिल कॉर्नरच्या दवाखान्यांपुढून असे जाणाऱ्याला गाडीचा स्वभाव कळला आहे असे म्हणवत नाही. दुसऱ्या बाजूला, जुन्या बुलेटचे सगळेच दोष ‘स्वभाव’ म्हणून माफ करण्याचीही रीत आहे. तीही मान्य होण्यासारखी नाही. इंजिनाच्या जोडातून गळणारे तेल कसलीच उपयोगाची बातमी देत नाही. तो जोड नीट बसला नव्हता एवढेच. पण अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेशन लिव्हर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा आणि मग किक मारायची, हा सोपस्कार वेगळा. इग्निशनचा पॉइंट उघडला की काटा मध्यावर येतो, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाजवळ आला हे बाहेरून कळते. तो टोक ओलांडून गेला की किकची पूर्ण धाव कामी येते, नाहीतर किक उलटी येऊन पायाला लागते. गैरसोय दोन्हींत आहे, पण एकीत यंत्र स्वतःची अवस्था दाखवते आणि दुसरीत फक्त फरशी खराब करते.

इंजिनाइतकेच बोलके अंग म्हणजे पुढचा चिमटा आणि मागचे शॉकअप, आणि या विषयात संभाजीनगरला सांगण्यासारखे बरेच आहे. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी इथे उभी राहिलेली एन्ड्युरन्स ही कंपनी पुढे दुचाक्यांचे सस्पेन्शन बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जाऊ लागली. शॉकअपमध्ये स्प्रिंग धक्का साठवते, आणि बारीक छिद्रांतून ढकलले जाणारे तेल त्याची उष्णता करते. छिद्र मोठे ठेवले तर खड्डा अंगाला लागत नाही, पण ब्रेक मारल्यावर चिमटा खोल बसतो आणि पुढचे चाक रस्त्याशी काय करते आहे ते हाताला कळेनासे होते. छिद्र लहान केले की चाकाखालचा वाळूचा कणही कळतो, आणि माणसाची कंबर बोलू लागते. उभ्या दिशेतल्या सेकंदाला ४ ते ८ हिसक्यांना आपले शरीर सर्वाधिक हळवे असते. प्लॅटिना आरामाच्या बाजूला ठेवलेली आहे, पल्सर रस्त्याच्या बाजूला. वजन आणि चाकांमधले अंतर यांचाही वाटा असतोच. हे अंतर स्प्लेंडरचे १,२३६ मिलिमीटर, नव्या बुलेटचे १,३९०. लांब गाडी सरळ रेषेत निश्चिंत चालते आणि वळायला उशीर लावते.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. वीस वर्षे एकाच स्प्लेंडरवर दूध घालणारा माणूस तिचा प्रत्येक आवाज ओळखतो. तिला स्वभाव नाही असे त्याला सांगायचे कसे? बजाजची बॉक्सर इथल्या लोकांना साधी वाटायची, आणि युगांडात बोडाबोडा नावाने चालणाऱ्या मोटारसायकल-टॅक्सीच्या धंद्यात ती घराघरातली झाली आहे. हे खरे आहे, पण ते जिव्हाळ्याविषयी आहे. जिव्हाळा सहवासाने जडतो आणि तो कोणत्याही वस्तूवर जडू शकतो. स्वभाव पहिल्या दहा मिनिटांतच परक्यालाही जाणवतो. शिवाय कामाच्या गाडीला कमी लेखण्याचा हेतू इथे नाही. पाळीवरून थकून आलेल्या माणसाला यंत्राची बातमी नको असते, त्याला निवांतपणा हवा असतो. शंभर सीसीच्या एका सिलिंडरमधून तो निवांतपणा काढणे, आणि तोही परवडणाऱ्या किमतीत, हे अभियांत्रिकीचे काम बुलेटचा ठोका जपण्यापेक्षा सोपे नाही, बहुधा अवघडच आहे.

आता विजेच्या गाड्या येत आहेत. एथर एनर्जीने २०२४ मध्ये बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत कारखाना उभारण्याचे जाहीर केले, म्हणजे हा प्रश्न वाळूजच्याच शेजारी येऊन ठेपला आहे. मोटरला स्फोट नाहीत, ठोके नाहीत, आणि शून्य वेगालाही पूर्ण टॉर्क हजर. मग स्वभाव संपला असे अनेकांना वाटते, आणि काही उत्पादक स्पीकरमधून इंजिनाचा आवाज काढून ती पोकळी भरू पाहतात. तो आवाज सायलेन्सरच्या फटाक्याचाच भाऊ, कारण यंत्रात जे घडत नाही ते तो सांगतो. मोटरकडे स्वतःचे सांगण्यासारखे आहे: वेगाबरोबर चढत जाणारा तिचा बारीक सूर, आणि रेस सोडल्यावर बॅटरीकडे वीज परत पाठवताना तिने धरलेला ब्रेक. दौलताबादच्या उतारावर तो ब्रेक किती चढावा, बॅटरी भरलेली असताना तो कमी पडणार हे चालवणाऱ्याला आधी कसे कळावे, मनगटाच्या पहिल्या दोन-चार अंशांत टॉर्क किती द्यावा, हे सगळे कंट्रोलरमधल्या एका तक्त्यात लिहिलेले असते. तो तक्ता लिहिणाऱ्यांनी स्पीकरचा खर्च वाचवून तिथे आणि शॉकअपच्या छिद्रांवर वेळ घालवला, तर दौलताबादचा रस्ता धरणाऱ्यांना विजेची गाडीही स्वभावाची मिळू शकेल.