डुकरांच्या वाड्याचें सांडपाणी व आपली विहीर

फुलंब्रीच्या कास्तकारास विहीर म्हणजे घरचें धन होय. येथें काळ्या मातीखालीं मुरूम व काळा पाषाण असून त्याच्या भेगांतून विहिरीस पाणी मिळतें. घाणही त्याच वाटेनें उतरते. म्हणून जोडधंद्यास डुकरें पाळूं इच्छिणाऱ्यानें वाडा बांधण्यापूर्वीं सांडपाण्याचा विचार करावा.

या पाण्यांत मूत्रामुळें नत्र फार असतें. आरंभीं तें बहुतांशीं अमोनियाच्या रूपांत असतें व मातीचे कण त्यास धरून ठेवतात. पुढें सूक्ष्म जंतु त्याचें नायट्रेट करितात. नायट्रेटास माती धरीत नाहीं. पावसाबरोबर तें खोल उतरतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरामागें ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नायट्रेट नसावें, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. तें फार वाढल्यास, त्या पाण्यांत कालविलेलें वरचें दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाचें रक्त प्राणवायु नीट वाहूं शकत नाहीं व अंग निळें पडतें. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. उलट पाणी आटून तो वाढतो.

हें नत्र जंतूंकडूनच काढवितां येतें. प्रथम चोथा गाळून घ्यावा. नंतर दोन हौद असावेत. पहिल्यांत हवा जाऊं देऊं नये, दुसऱ्यांत यंत्रानें हवा खेळवावी. दुसऱ्यांतील जंतु अमोनियाचें नायट्रेट करितात. १ भाग नत्रास सुमारें ४.५ भाग प्राणवायु लागतो. तें पाणी पुन्हां पहिल्या हौदांत फिरवावें. तेथें दुसरे जंतु ताज्या सांडपाण्यांतील सेंद्रिय द्रव्य खातात, नायट्रेटांतील प्राणवायु वापरतात, आणि नत्र निरुपद्रवी वायु होऊन हवेंत जातें. अमोनिया पालटणारे जंतु सावकाश वाढतात व थंडींत मंदावतात. म्हणून गाळ एकदम उपसूं नये. पाणी आंबूस होऊं लागल्यास चुना द्यावा.

परंतु जमीन पुरेशी असतां नत्र हवेंत घालविणें म्हणजे खत उधळणें होय. इंदूर येथील अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत गोठ्यांतील मुतानें भिजलेली मातीही कंपोस्टाच्या ढिगांत घालीत. तोच न्याय येथें लावावा. चोथा ढिगांत घालावा. पाणी पक्क्या हौदांत सांठवून, पातळ करून, उभ्या मक्यास पीक घेईल तेवढेंच द्यावें. भर पावसांत किंवा मोकळ्या रानांत तें सोडूं नये. जनावरें फार व जमीन थोडी असेल तेथेंच दोन हौदांचा खर्च करावा.

दोन्ही प्रकारीं हौद विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास बांधावा, आणि पावसाळ्यापूर्वीं व नंतर विहिरीचें पाणी तपासून घ्यावें. शेजाऱ्याची विहीर उताराला असल्यास तिचेंही पाणी तपासावें.