सायकलवरून माहेरी

लग्नाला एकतीस वर्षे झालेल्या नवराबायकोने सायकलवरून प्रवासाला निघावे, ही गोष्ट आमच्या अंधेरीच्या सोसायटीत कोणालाच पटली नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी सौ.ला बाजूला घेऊन ‘गाडी विकली का हो?’ असे हळूच विचारले. मुलाने बंगलोरहून फोन करून हेल्मेट, विमा आणि माझा रक्तदाब या तीन विषयांवर पाऊण तास व्याख्यान दिले. कल्पना माझी नसून त्याच्या आईची आहे, हे मी त्याला सांगितले, पण त्याचा विश्वास बसला नाही.

खरे म्हणजे सौ. सायकल शिकली ती वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. तिच्या लहानपणी घरात सायकल होती, पण ती वडिलांची. ते प्राथमिक शिक्षक. त्याच सायकलवरून शाळेत जायचे. धाकटा भाऊ दहा वर्षांचा झाला, तेव्हा ती सायकल त्याला शिकायला मिळाली. हिच्या वाट्याला आली ती मागच्या कॅरिअरवरची जागा. चाळीस वर्षांनंतर तिने अंधेरीत स्वतःच्या पैशांनी सायकल आणली आणि महाकाली लेण्यांच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता, म्हणजे ओळखीचे कोणी बघत नसताना, पडायला सुरुवात केली. कोंडिविट्याच्या त्या लेण्यांमधल्या भिक्षूंनी एवढा निश्चय फार दिवसांत पाहिला नसेल. वर्षभराने ती आरे कॉलनीचे चढ माझ्यापुढे जाऊन चढू लागली. १९४९ साली वसवलेल्या त्या दूधवसाहतीत मी धापा टाकत सायकल हाताने ढकलायचो आणि गोठ्यातल्या म्हशी माझ्याकडे फार समजूतदारपणे पाहायच्या.

तर गेल्या नवरात्रात आम्ही निघालो. बेत असा होता: कसाऱ्यापर्यंत गाडी, मग घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून भंडारदरा. दोन दिवस तळ्याभोवती हिंडायचे आणि परतायचे. निदान मला सांगितलेला बेत एवढाच होता.

पहाटे अंधारात मरोळ, साकीनाका असे करत घाटकोपर गाठले. एरवी ज्या रस्त्यावर पाऊण तास बसमध्ये उभे राहून जातो, तो रस्ता इतका लहान आहे हे मला माहीतच नव्हते. सायकली मालडब्यात चढवल्या. भाजीच्या रिकाम्या करंड्या घेऊन परतणाऱ्या एका मावशींनी सौ.ला बसायला करंडी उपडी करून दिली आणि मला दिली नाही.

कसाऱ्याचा घाट आपण रेल्वेतून शेकडो वेळा चढलेला असतो. १८६५ साली आगगाडी या घाटातून इगतपुरीला पोचली. सदतीस फुटांना एक फूट असा इथला चढ. त्यासाठी गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. खिडकीत बसून वडा खाताना या आकड्याचा काही अर्थ लागत नाही. सायकलवर तो मांडीत आणि पोटरीत समजतो. मला मागून ढकलायला जादा इंजिन नव्हते. जे होते ते तीन वळणे पुढे गेले होते आणि एका कठड्यावर बसून केळे खात होते. ट्रकवाले मात्र भले. घाट चढणाऱ्या म्हाताऱ्याला पाहून दोघातिघांनी हात केला.

हल्ली इगतपुरीच्या डोंगरातून समृद्धी महामार्गाचा जुळा बोगदा गेला आहे. पावणेआठ किलोमीटर लांब. जून २०२५ मध्ये तो शेवटचा टप्पा खुला झाला. मोटारी त्यातून काही मिनिटांत पार होतात. सायकलींना तिथे मज्जाव आहे, आणि ते बरेच आहे, नाहीतर मीही त्यातूनच गेलो असतो. मग घाटनदेवीपाशी थांबून खालच्या दरीतले धुके पाहायला कोण जाणार होते? नवरात्र असल्याने देवीला गर्दी होती. सौ.ने ओटी भरली. मी पायरीवर बसून पायांना आलेले गोळे चोळले. दोघांच्याही परीने ती पूजाच होती.

घोटीला मिसळ खाल्ली आणि महामार्ग सोडून उजवीकडे वळलो. तिथून पुढचा रस्ता सायकलसाठीच केला असावा असा आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरे. हळव्या भाताच्या लोंब्या वाकलेल्या, गरव्याच्या अजून हिरव्या. बांधांवर आणि डोंगरउतारांवर सोनकीची पिवळी फुले. पाऊस अजून पुरता गेला नव्हता. मधूनच एक सर यायची, चष्मा धुऊन जायची. मोटारीतून जाताना वास येत नाही, ही गोष्ट मला या वयात कळली. ओल्या गवताचा, शेणाचा, पोटरीतल्या भाताचा वास किलोमीटरनुसार बदलतो.

बारी गावापाशी आलो तर रस्ता बायांनी फुललेला. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, वगैरे आपण शाळेत पाठ केलेले असते. नवरात्रात वर देवीची जत्रा असते. नऊवारी नेसलेल्या, अनवाणी, कडेवर मूल घेतलेल्या बाया लोखंडी शिड्या चढून तिथे जातात. आम्ही खालूनच हात जोडले.

चहा पिताना सौ.ने कळसूबाईची गोष्ट सांगितली. काळू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. तिची अट एकच: मी केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पाटील कबूल झाला. पण एकदा घरी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला, केर काढायला लावले. तिने ते केले, आणि निघून डोंगरावर गेली. पुन्हा खाली आलीच नाही. डोंगरावर जिथे भांडी घासली ते थाळेमेळ, जिथे केर टाकला तो काळदरा.

‘चांगली गोष्ट आहे,’ मी म्हणालो.

‘लहानपणी आईनं सांगितली तेव्हा वाटायचं, एवढ्याशा कामावरून इतका राग कशाला?’ ती म्हणाली. ‘आता वाटतं, कामाचा राग नव्हता तो. शब्द मोडल्याचा होता.’

हे वाक्य माझ्या कानावरून गेले. मी तेव्हा दुसरा चहा सांगण्यात गुंतलो होतो.

साठेक किलोमीटर तुडवून संध्याकाळी शेंडीला पोचलो. भंडारदऱ्याचे धरण याच गावाला लागून. १९१० साली काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे. गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. २७० फूट उंचीची ही दगडी भिंत पाहताना मान दुखते. पाणी सोडलेले असले की खाली कातळावरून छत्रीच्या आकाराचा धबधबा उघडतो. त्यावेळी पर्यटकांची छायाचित्रासाठी जी ढकलाढकली चालते, ती दादर स्टेशनला शोभावी अशी. हेच पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, श्रीरामपूरकडे जाते, ऊस पिकवते. प्रवरानगरचा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला तो याच नदीच्या खोऱ्यात. ज्या घरी आम्ही उतरलो, तिथल्या आजींना मी हे कौतुकाने सांगू लागलो. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘व्हय, पानी खाली जातंय. वरच्या वाड्यांत मे महिन्यात हंडे घेऊन या, मंग बोलू.’ माझे भूगोलाचे ज्ञान तिथेच थांबले.

दुसरा दिवस तळ्याला वळसा घालण्यात गेला. मुरशेत, घाटघर, साम्रद, रतनवाडी. चाळीसेक किलोमीटर होतात. घाटघरला कोकणकड्यावर उभे राहिले की पायाखाली शहापूरचा मुलूख दिसतो. इथे २५० मेगावॉटचा एक गमतीदार वीजप्रकल्प आहे. दिवसा पाणी कड्याखाली सोडून वीज करायची आणि रात्री, विजेला मागणी नसताना, तेच पाणी पुन्हा वर ओढायचे. एका सायकलवाल्याला हा हिशेब चटकन समजतो. याच डोंगरांत राघोजी भांगरे यांनी इंग्रजांशी झुंज दिली. १८४८ मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. साम्रदजवळ माझे मागचे चाक बसले. ट्यूब सौ.ने बदलली. मी पंप धरला.

रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातले, काळ्या दगडाचे, नखशिखांत कोरलेले. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी बुडते. मागे रतनगड, त्यावरचे नेढे ढगांतून दिसते न दिसते. पुष्करणीच्या पायरीवर बसल्यावर सौ. म्हणाली, ‘अहो, उद्या परत नाही जायचं. राजूरकडे जाऊ.’

राजूरच्या अलीकडे तिचे माहेर. चार वर्षे आम्ही तिथे पाऊल टाकले नव्हते.

हे सांगणे भाग आहे. तिचे वडील वारले, सातबाऱ्यावर भावाच्या नावाबरोबर हिचे नाव लागले. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आणि अकोल्याला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत येऊन सही कर म्हणून कळवले. हिने उत्तरच दिले नाही. मग फोन बंद झाले. चार भाऊबिजा अशाच गेल्या. मी तिला तेव्हा म्हणालो होतो, ‘करून टाक सही. आपल्याला काय कमी आहे?’ भावापेक्षा ती माझ्यावर अधिक रागावली होती, हे मला त्या पायरीवर बसून कळले. तिच्या हक्काच्या बाबतीत औदार्य दाखवायला मी कोण?

‘मोटारीनं गेलो असतो तर त्याला वाटलं असतं, मोजायला आले,’ ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी रंधा धबधबा पाहिला न पाहिल्यासारखा केला. राजूरला पेढे घेतले. इथले पेढे प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी खरी आहे. मागे फिरून दुपारी दोनच्या सुमारास आम्ही अंगणात सायकली उभ्या केल्या. मेहुणा ओटीवर होता. त्याने आधी सायकलींकडे पाहिले, मग माझ्या चिखलाने माखलेल्या पायजम्याकडे, मग बहिणीकडे.

‘ताई, तू? सायकलवर?’

‘तुझ्याच सायकलवर शिकायची होते. राहून गेलं,’ ती म्हणाली.

वहिनी पाणी घेऊन आल्या. जेवणे झाली. काळभाताचा वास, कुळथाची पिठी. जेवताना कोणी जमिनीबद्दल अक्षर काढले नाही. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या गावरान बियाण्यांबद्दल बोलणे झाले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा इथे किती पेढे वाटले गेले, वगैरे. हात धुतल्यावर सौ.नेच पिशवीतून तो मसुदा काढला. चार वर्षांत त्याच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

‘सही करणार नाही,’ ती म्हणाली. ‘पीक तू खा. मला एक दाणा नको. पण नाव राहू दे. आबांच्या मागे माझंही नाव तिथं आहे, एवढंच मला हवं.’

मेहुणा बराच वेळ बोलला नाही. मग जे बोलला त्यात लबाडी नव्हती. ‘ताई, तुला ते नाव वाटतं. मला दर वर्षी पीककर्जाला सोसायटी तुझी सही मागते. कुठून आणू? मी काय जमीन विकायला निघालो होतो?’

आम्हा दोघांनाही हे कधी सुचले नव्हते. चार वर्षे ज्याला आम्ही लोभ म्हणत होतो, त्यात एक कर्जाचा अर्जही होता. लोभ अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही. पण तोच तेवढा नव्हता.

‘मग दर वर्षी येते की सही करायला,’ ती म्हणाली. ‘कधी लागते?’

‘मे महिन्यात.’

‘मेमध्ये घाट चढायला ऊन फार होतं,’ मी काळजीने म्हणालो. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

वहिनींना हसू आवरेना. मेहुण्याने मसुदा घेतला, फाडला नाही, देवाच्या फळीवर ठेवून दिला. त्यावर पुढे काय करायचे ते त्याने ठरवलेले नाही, असा माझा अंदाज आहे. पण रात्री त्याने कंदील धरून हिच्या सायकलचे ब्रेक तपासले आणि सकाळी दोन्ही चाकांत हवा भरली.

निघताना त्याने दहा किलो काळभाताची पिशवी आणली. ‘एक दाणा नको’ म्हणणारी काही बोलली नाही. पिशवी तिच्या कॅरिअरला बसेना, म्हणून ‘दाजी, तुम्ही घ्या’ म्हणत त्याने ती माझ्या सायकलला सुतळीने करकचून आवळली. भाऊबिजेला तो अंधेरीला येणार आहे. कसारा घाट मी ते दहा किलो पाठीशी घेऊन उतरलो, दोन्ही ब्रेक दाबून, आणि सौ. केव्हाच खाली स्टेशनवर जाऊन तिकिटाच्या रांगेत उभी होती.