देवघेवीच्या टेबलावर व्हिडिओ गेम

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचे गाव आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००४ साली शाळकरी मुलांसाठी 'मारिओ कार्ट : डबल डॅश' या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा सुरू केली. निन्टेंडो कंपनीचे गेमक्यूब हे कॉन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, मांडले, शर्यती पडद्यावर दाखवल्या, क्रिकेटला करतात तसे धावते समालोचन केले आणि गुणतक्ता संकेतस्थळावर लावला. ग्रंथालयाच्या तंत्रज्ञान विभागातले इलाय नायबर्गर यांचा यात पुढाकार होता. २००७ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने त्यांचे या विषयावरचे पुस्तकच काढले. पुढच्याच वर्षी, २००८ च्या नोव्हेंबरात, याच संघटनेने देशभरच्या ग्रंथालयांत खेळांचा दिवस पाळायला सुरुवात केली.

या उपक्रमाची बाजू मांडताना बरेच ग्रंथपाल म्हणतात, मूल गेमसाठी आत येईल आणि जाताना एक पुस्तक घेऊन जाईल. मला हे म्हणणे पटत नाही. त्यात गेमला गळाला लावलेल्या गांडुळाची किंमत आहे आणि मुलाला माशाची. ग्रंथालयांनी ध्वनिमुद्रिका ठेवल्या, चित्रपटांच्या डीव्हीडी ठेवल्या, तेव्हा चित्रपट नेणाऱ्याने कादंबरीही नेली का, असे कोणी मोजत बसले नाही. चित्रपट चांगला असेल तर तो पाहणे हेच पुरेसे मानले. गेमलाही हाच न्याय हवा. एखादा गेम गोष्ट सांगतो, एखादा कोडे घालतो, एखाद्यात चार जणांना एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. भिकार गेमही ढिगाने आहेत, जशी भिकार पुस्तके आहेत. त्यांतून निवड करणे हे तर ग्रंथपालाचे मूळ काम.

लोकांच्या पैशातून खेळ कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि तो विचारलाही गेला. २००९ मध्ये नेब्रास्का राज्याच्या ग्रंथालय आयोगातले कर्मचारी गेम खेळून पाहतानाची चित्रफीत लोकांसमोर आली. राज्याच्या लेखापरीक्षकांनी कॉन्सोल आणि गेमवर झालेल्या सुमारे ४०० डॉलरच्या खर्चावर जाहीर ताशेरे ओढले. ग्रंथपालांना गेमची ओळख करून देण्यासाठी ही खरेदी होती. जे साहित्य वाचकांना द्यायचे ते आधी स्वतः हाताळून पाहायला नको का? मला त्या कर्मचाऱ्यांचेच बरोबर वाटते.

वाचनालय म्हणजे फक्त पुस्तके आणि शांतता, ही समजूत इतिहासाला धरून नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये कारागिरांसाठी वाचनालय निघाले आणि त्याच संस्थेत १८५४ पासून बुद्धिबळाचा क्लब चालू आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी अमेरिकेतले आपले पहिले ग्रंथालय १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडक येथे पोलाद कामगारांसाठी उघडले. त्या इमारतीत बिलियर्डची टेबले होती आणि तळघरात न्हाणीघर, कारण कामगार भट्टीवरून काजळलेल्या अंगाने येत.

आपल्या माणसांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. त्या ग्रंथालय खात्यात दृक्-शिक्षणाची वेगळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलाच्या काचा आणि सिनेमाची यंत्रे घेऊन खेड्यापाड्यांत जाई. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. म्हणजे ज्या दशकात सिनेमा हा आपल्याकडे नवा चमत्कार होता, त्याच दशकात बडोद्याचे ग्रंथालय खाते तो लोकांच्या दारी नेत होते. विकत घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यापर्यंत नवे माध्यम पोचवायचे, हे सूत्र तेव्हाच ठरले होते. आजही एका कॉन्सोलची किंमत कित्येक घरांच्या महिन्याच्या खर्चाएवढी आहे.

हेलसिंकीत ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडलेल्या 'ओदी' या ग्रंथालयात हे सूत्र रोजच्या व्यवहारात दिसते. मधल्या मजल्यावर शिलाई यंत्रे आहेत, त्रिमितीय छपाईची यंत्रे आहेत आणि वेळ राखून वापरायच्या गेमिंगच्या खोल्याही. युरोपातल्या गेमच्या डब्यावर वयाचा आकडा छापलेला असतो. फिनलंडमध्ये तो पाळणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोणता गेम कोणाच्या हाती द्यायचा याचा वाद कमी होतो.

खरी अडचण आता वेगळीच आहे. गेम डबीत, डिस्कवर मिळत होता तोवर ग्रंथालय तो पुस्तकासारखा घेऊन कपाटात ठेवू शकत होते. आता बहुतेक गेम थेट उतरवून घ्यायचे असतात, आणि पैसे मोजूनही मिळतो तो फक्त वापराचा परवाना. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या 'स्विच २' च्या काही कार्ट्रिजमध्ये तर गेमच नसतो, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. कंपनीचा सर्व्हर बंद पडला की त्या किल्लीने काय उघडणार? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवून दिले की, तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. अभ्यासकांना असे गेम घरबसल्या पाहू द्यावेत म्हणून ग्रंथालयांनी सवलत मागितली, ती तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. छापून संपलेले पुस्तक निदान एखाद्या वाचनालयाच्या माळ्यावर सापडते. गेमच्या नशिबी तो माळाही नाही, आणि याची हळहळ मला फार वाटते.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि हा प्रयोग त्यांनाही करता येईल. पैशांवर खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, ते योग्यच झाले. पण हा कायदा ई-स्पोर्ट्सना मान्यता देतो आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना मोकळीक ठेवतो. मुलांच्या हातात मोबाइल आहेच. ती एकेकटी कोपऱ्यात काय खेळतात हे घरच्यांना कळत नाही. वाचनालयात तोच खेळ चार जणांत, मोठ्यांच्या नजरेसमोर, घड्याळ लावून होईल.

वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. अनुदान तुटपुंजे आहे हे मान्य, पण पुढच्या बैठकीत हा विषय निदान घ्या. एक टीव्ही आणि एखाद्या सभासदाने दिलेला जुना कॉन्सोल पुरे. ग्रंथपालांनी आधी स्वतः खेळून निवडलेले पाच गेम आणा, रविवारचे दोन तास ठरवा, आणि त्या गेमची नोंद पुस्तकांच्याच दाखलनोंदवहीत करा.