सुरतेची साथ आणि मुर्नाऊचे जहाज

भयपट म्हटला की रसिकांना भुताचा चेहरा आठवतो. परंतु मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या मूकपटात मला सर्वांत भीषण वाटतो तो एक दवंडीवाला. रिकाम्या गल्लीत तो ढोल वाजवितो, फर्मान वाचतो, आणि एकामागून एक खिडक्या मिटू लागतात. पुढे दारांवर खुणेच्या फुल्या पडतात व शवपेट्यांची रांग चालू लागते.

कथा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची, पण विनापरवाना उचललेली. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आपण तो पाहू शकतो. निर्मात्या कंपनीचे नाव मात्र आपल्या भाषेतले, ‘प्राण’! प्लेगची साथ ही या मूकपटाची स्वतःची भर. खलाशी एकेक करून मरतात, कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो, आणि ते मृत जहाज उंदरांसह बंदरात शिरते. उंदरासारखे पुढचे दात असलेला काउंट ओरलॉक आपली शवपेटी काखोटीला मारून गावात उतरतो.

हे पाहताना मला सुरत आठवते, तीही जुनी बंदराची नव्हे, १९९४ ची. तापीचा पूर ओसरला आणि सप्टेंबरात वेड रोडच्या वस्त्यांत माणसे तापाने, खोकल्याने दगावू लागली. त्याआधीच बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची बातमी होती. सुरतेत तो फुप्फुसांचा निघाला. त्याला उंदीरही लागत नाही. माणसाच्या श्वासातून तो माणसाला गाठतो. पन्नासच्या आसपास बळी गेले, पण शहर सोडणाऱ्यांची संख्या लाखांत होती. तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी स्टेशनवर लोटली. यंत्रमागांवर राबणारी आपली खानदेशी मंडळी भुसावळच्या गाडीने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघाली. खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. मुर्नाऊच्या गावात लोक दारे लावून आत बसतात. सुरतेत दारे लावून बाहेर पडले. आणि ज्या गावी गाडी पोचे, त्या गावाला तीच गाडी ते जहाज वाटे. काही देशांनी तर हिंदुस्थानची विमानेच बंद केली.

मूकपटाचा शेवट मला पटत नाही. एक पतिव्रता आत्मबलिदान करते, कोंबडा आरवतो, उन्हाच्या तिरिपीत पिशाच विरून जाते. सुरतेत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि १९९५ मध्ये आलेले पालिका आयुक्त एस. आर. राव यांनी उकिरडे उचलविले, अतिक्रमणे पाडली, अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरविले. एखाददुसऱ्या वर्षात त्याच शहराचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले.

ओरलॉकचे मुखवट्यासारखे तोंड आज मुलांना हसू आणील. शवपेट्यांची ती रांग मात्र मूक आहे तीच बरी. तिला पार्श्वसंगीत जोडून दाखवितात तेव्हा मी आवाज बंद करतो.