कापलेल्या कडेचा हिशेब

शिरोली, अंबड किंवा वाळूज येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये शिरले, तर कापणाऱ्यापेक्षा घासणाऱ्याचाच आवाज अधिक ऐकू येतो. पोलादाची प्लेट प्लाझ्मा टॉर्चने मिनिटभरात दुभंगते आणि मग तिच्या खालच्या कडेला चिकटलेली मळी काढण्यासाठी हेल्पर पाव तास ग्राइंडर चालवीत बसतो. त्याची मजुरी, झिजलेली चाके आणि त्याच्या छातीत जाणारी धूळ यांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही. दोष यंत्राच्या माथी मारला जातो. यंत्र बिचारे बहुधा निरपराध असते.

ही विद्या 1950 च्या दशकात अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात विकसित झाली. ऑक्सि-ॲसिटिलीनची कापणी म्हणजे वस्तुतः लोखंडाचे ज्वलन होय. स्टेनलेस स्टील वा ॲल्युमिनियमपुढे ती हतबल ठरते, कारण त्यांच्यावरील ऑक्साइडचे कवच वितळत नाही. प्लाझ्मा टॉर्चमध्ये विजेची ज्योत आणि दाबाखालची हवा एका बारीक छिद्रातून दाटीने बाहेर पडतात. तेथील तापमान सुमारे 20,000 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असते. त्यापुढे कोणतीही धातू वितळते आणि हवेचा झोत तिला फुंकून खाली टाकतो.

एवढी शक्ती हाती आली, तरी कड नीट येणे हाताच्या चालीवरच अवलंबून राहते. हात रेंगाळला की खाली जाड, फुगीर मळी साचते. ती हातोडीच्या टोल्याने तरी निघते. हात घाईने ओढला की बारीक पण चिवट मणी कडेला वेल्ड झाल्यासारखे बसतात आणि ग्राइंडरवाचून गत्यंतर उरत नाही. चाल योग्य आहे की नाही हे ठिणग्या सांगतात. साध्या पोलादात त्या प्लेटीखालून सरळ न पडता 15 ते 30 अंशांनी मागे कललेल्या असाव्यात. त्या वर उसळू लागल्या, तर ज्योत आरपार गेलेलीच नाही असे समजावे. जाणता कारागीर म्हणूनच ज्योतीकडे कमी आणि ठिणग्यांकडे अधिक पाहतो. हे पाहणे पुस्तकातून येत नाही. भंगारातल्या तुकड्यांवर दोन-चार दिवस हात बसवावा लागतो, आणि नेमके तेवढेच दिवस नव्या मुलाला दिले जात नाहीत.

आणखी एक गोष्ट अनेक वर्षे टॉर्च धरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. बहुतेक टॉर्चमध्ये हवा गरगरत बाहेर येते. त्यामुळे पुढे जाताना उजव्या हाताची कड काटकोनात येते, तर डावी तिरपी होते. साहजिकच उपयोगाचा भाग उजवीकडे ठेवला पाहिजे. चकती कापायची असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरावे आणि भोक पाडायचे असेल तर उलट. एका पैशाचाही खर्च नाही! भोकाचा आरंभ करताना टॉर्च किंचित तिरपी धरून मग उभी करावी, नाहीतर उडालेले द्रव पोलाद नोझलवरच येऊन बसते. सरळ रेषेसाठी लोखंडी पट्टीचा आधार घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सर्वांत उपेक्षित राहते ती हवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाणीही ओढतो. टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडला नाही आणि वाळवणारा फिल्टर लावला नाही, तर तो ओलावा थेट टॉर्चमध्ये जातो. तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी हाफनियम धातूचा इवलासा ठिपका असतो. ओलाव्याने आणि तेलाने तो झपाट्याने झिजतो. तेथे सुमारे दीड मिलिमीटर खोल खळगा पडला की इलेक्ट्रोड बदलावा. नोझलचे गोल छिद्र लांबट झाले की ज्योतही वाकडी पडते. पण नोझल महाग म्हणून मालक तो आठवडाभर पुढे ढकलतो, आणि त्या आठवड्यात ग्राइंडरची जितकी चाके संपतात त्यांचे बिल मात्र निमूटपणे चुकते करतो.